हिरव्या शाईतला अर्धा गुण

३ फेब्रुवारी

छोट्या,

पाकीट फेकू नकोस. कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न नाही आणि परत ये म्हणायलाही मी लिहीत नाहीये. गोष्ट बुद्धिबळाची आहे. तू पट बघणंसुद्धा सोडलंस असं ऐकते, तरी वाच. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला एवढा वेळ नक्की असतो.

आपल्या बुद्धिबळ मंडळात सध्या गुणांवरून रणधुमाळी चालू आहे. गेल्या स्पर्धेत पंचेचाळीस डावांपैकी एकोणतीस बरोबरीत सुटले. त्यातले अकरा तर पंधरा खेळ्यांच्या आत. माणसं येतात, चार प्यादी हलवतात, हात मिळवतात, अर्धा अर्धा गुण खिशात घालून घरी जातात. तेव्हा गुण द्यायची पद्धतच बदलायची असं ठरलं, आणि मग प्रत्येकाच्या डोक्यातून एकेक पद्धत बाहेर पडायला लागली.

गणिताचे निवृत्त मास्तर, म्हणजे आपले दशांश, म्हणतात की बरोबरी झाली तर काळ्याला शून्य दशांश सहा आणि पांढऱ्याला शून्य दशांश चार द्यावेत, कारण काळ्याला पहिली खेळी मिळत नाही. घड्याळं दुरुस्त करणारे आपले घड्याळजी म्हणतात जिंकला तर तीन, बरोबरीला एक, हरला तर भोपळा. दशांशांनी फळ्यावर कोष्टक काढलं, तर घड्याळजींनी ते पुसून स्वतःचं काढलं. एवढ्या मोठ्या माणसांनी डस्टर ओढाओढी केलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आणि मग बाबा उठले. तुला माहीत आहे, ते मंडळाच्या सभेत कधी बोलत नाहीत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा उठले आणि म्हणाले, "बरोबरीला शून्य. दोघांनाही शून्य. अर्धा गुण म्हणजे भीक आहे. देणाऱ्यानं देऊ नये, घेणाऱ्यानं घेऊ नये."

दशांश चेष्टेत म्हणाले, "कंपाउंडरसाहेब, जन्मभर अर्ध्या गोळ्या वाटल्यात आणि अर्ध्या गुणावर एवढा राग?" बाबा हसले नाहीत. टोपी घेऊन निघून गेले.

सभेनं जुन्या सगळ्या स्पर्धा या चार पद्धतींनी पुन्हा मोजायचं काम माझ्या गळ्यात मारलं. वह्या माझ्याकडे असतात आणि छापखान्यात मुद्रितं तपासून माझी नजर बारीक झाली आहे असा यांचा समज. काल दुपारी मी तुझ्या शेवटच्या स्पर्धेपर्यंत आले. अकरा वर्षांपूर्वीची. घड्याळजी सात गुण, तू साडेसहा. तीन-एक-शून्य पद्धतीने घड्याळजी वीस, तू एकोणीस. दशांशांच्या पद्धतीनेही तू दुसराच.

बाबांच्या पद्धतीने मात्र घड्याळजी सहा, तू सहा. आणि समसमान असेल तर आपसातला डाव बघायचा. चौथ्या फेरीत तू त्यांना हरवलं होतंस.

म्हणजे तू पहिला येतोस, छोट्या. मी तीनदा मोजलं. बाबांना हे ठाऊक असेल का? त्यांनी घरी बसून मोजलं असेल का? मला काही सुचत नाहीये. खात्रीसाठी रविवारी कपाटातून मूळ डावांचे कागद काढणार आहे.

ताई

१० फेब्रुवारी

छोट्या,

आधी बस कुठेतरी. मी हे लिहिताना स्वयंपाकघराच्या स्टुलावर बसले आहे.

मंडळाचं लोखंडी कपाट आठव. खालच्या खणात प्रत्येक स्पर्धेचा गठ्ठा सुतळीने बांधलेला असतो. काल तुझा नववा डाव, बाबांविरुद्धचा, काढला. दोन कागद. आपल्या कागदावर खाली एक चौकट असते, "माझे गुण". प्रत्येकाने डाव संपला की स्वतःचे गुण स्वतः भरायचे आणि सही करायची. तुझ्या कागदावर तुझ्या त्या किडमिड्या अक्षरात ½ आहे.

बाबांच्या कागदावर शून्य आहे.

त्या शून्यावर कुणीतरी आडवी रेघ मारून शेजारी ½ केलं आहे. पण खालचं शून्य स्वच्छ दिसतं. बाबांचंच. वरच्या टोकाला न मिटणारं, त्यांच्या बाटलीवरच्या चिठ्ठ्यांत असायचं तसं. आणि खाली त्यांची सही.

त्यांनी डाव सोडला होता, छोट्या. तू जिंकला होतास. म्हणजे तुझेही सात गुण, आणि आपसातल्या डावावर पहिला तूच.

मी खाली जमिनीवर बसले आणि तुझ्या कागदावरून डाव पटावर मांडला. शेवटच्या खेळीनंतर तुला मात द्यायला चार खेळ्या लागत होत्या. मला दिसल्या, म्हणजे बाबांना नक्की दिसल्या असणार. मग त्यांनी हात पुढे केला आणि ते काय म्हणाले असतील ते मला माहीत आहे, कारण तू त्या संध्याकाळी मला तेवढं एकच वाक्य सांगितलं होतंस. "ते म्हणाले, पुरे."

आपल्या घरात "पुरे?" म्हणजे काय हे मी तुला सांगायला नको. जेवायची वेळ झाली की बाबा पटावरून हात पुढे करायचे, "पुरे?" विचारायचे आणि डाव बरोबरीत संपायचा. नाही म्हणायची सोय नव्हती. मी एकदा जिंकत होते, तोंड फुगवून हात मिळवला होता. जगात कुणीही "पुरे" म्हणून बरोबरी मागत नाही. फक्त आपल्याच घरात मागतात.

त्या दिवशी त्यांनी मागितली नव्हती. पुरे, म्हणजे झालं, संपलं, हरलो. राजा आडवा पाडणं त्यांना कधीच आवडलं नाही, नाटकीपणा म्हणायचे. आणि तुला वाटलं, भर स्पर्धेत, शेवटच्या फेरीत बाप जेवणाच्या टेबलासारखा अर्धा गुण मागतोय. तू दिलास. तुझ्या जागी मीही दिला असता.

आता ती संध्याकाळ आठव. तू कुठेतरी भटकून उशिरा आलास, तोवर मीही घरी पोचले होते, दारातच उभी होते. तू चपलाही न काढता म्हणालास, "मिळाला ना अर्धा? झालं समाधान?" आणि बाबा म्हणाले, "मला नको होता. तुझा तुला ठेव." अकरा वर्षं मला वाटत होतं की त्या दोन वाक्यांचा अर्थ मला कळला आहे. बाबांना वाटलं, पोरानं निकाल बदलून आपल्याला दयेचा अर्धा गुण दिला आणि वर तोंडावर सुनावलं. तुला वाटलं, आधी हिसकावला आणि आता नको म्हणताहेत. खरा अर्थ मला काल कपाटापुढे कळला.

मी त्या स्पर्धेची पंच होते, पण डाव संपला तेव्हा दुसऱ्या टेबलावर घड्याळाच्या भांडणात होते. बाबांची नजर तेव्हाच अधू होत होती, कागद उलटा ठेवून ते घाईने निघून गेले, चष्मासुद्धा टेबलावर विसरले. असल्या गडबडीत कुणाचंही काहीही होऊ शकतं. बाबांना अजून काही सांगितलेलं नाही.

ताई

१९ फेब्रुवारी

छोट्या,

तुझं कार्ड आलं. अकरा वर्षांत तुझ्या हातचं पहिलं अक्षर. पत्ता, तिकीट आणि मधोमध एकच ओळ: "शाई कोणत्या रंगाची आहे?"

पोस्टमन गेल्यावर मी कार्ड घेऊन बाल्कनीत गेले, परत आत आले, पुन्हा बाल्कनीत गेले. तुला चकवता येत नाही हे मी विसरले होते.

हिरवी आहे.

छापखान्यात लेखकाची शाई निळी, अक्षरं जुळवणाऱ्याची पेन्सिल आणि मुद्रितशोधकाची हिरवी. वीस वर्षं माझ्या पर्समध्ये दुसऱ्या रंगाचं पेन नाही. कपाटापुढे कागद उलगडला तेव्हा मला एका क्षणात कळलं होतं. ½ च्या मधली तिरपी रेघ मी खालून वर ओढते, सगळे वरून खाली ओढतात. त्या रेघेशेजारी माझी आद्याक्षरंही आहेत, नीटनेटकी. आणि मी तुला लिहिलं काय, तर "कुणीतरी". शिवाय खापर बाबांच्या चष्म्यावर.

तर ऐक, काय झालं ते. तू तुझा कागद माझ्या टेबलावर आपटलास आणि जिना उतरलास. मी तुमच्या टेबलावरून बाबांचा कागद उचलला. एकावर ½, दुसऱ्यावर शून्य. मला वाटलं, बाबा चुकले. त्याच आठवड्यात त्यांनी एका कागदावर तारीख चुकवली होती, मी ती दुरुस्त केली होती, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बक्षीस द्यायला आलेले पाहुणे खुर्चीवर चुळबुळत होते. मी पेन काढलं, रेघ मारली, ½ केलं. सगळं मिळून चार सेकंद. मग सोंगट्या आवरायला घेतल्या. पटाकडे पाहिलंसुद्धा नाही, छोट्या. पाहिलं असतं तर मला कळलं असतं. मला खेळता येतं, तुझ्याएवढं नसलं तरी.

आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. उघड चूक असेल तर दुरुस्त करा. शंका असेल तर समासात प्रश्नचिन्ह करा आणि लेखकाला विचारा. लेखकाच्या आकड्याला तर विचारल्याशिवाय हात लावायचाच नाही. नव्या मुलींना हे मी शिकवते! एका मुलीला यावरून मी रडवलं आहे. आणि स्वतःच्या बापाच्या आकड्यापुढे मला प्रश्नचिन्ह करता आलं नाही. जिन्यावरून हाक मारली असती तरी पुरलं असतं. बाबा अजून कोपऱ्यापर्यंतही पोहोचले नसतील.

पहिला येणाराच वरच्या स्पर्धेला जातो. त्या अर्ध्या गुणाने घड्याळजी गेले आणि पहिल्या तीन डावांत हरून परत आले. तू गेला असतास तर काय झालं असतं हे मी लिहिणार नाही. तो अधिकार माझा नाही. तू सव्वीस वर्षांचा होतास. महिन्याभरात घर सोडलंस. मी लोकांना सांगत राहिले की बापलेक दोघेही हट्टी आहेत, मी मधल्या मधे भरडले जाते. कित्येकांनी माझी कीव केली आणि मी ती घेतली.

माफ कर असं लिहायला हात वळत नाही. चार सेकंदांसाठी अकरा वर्षांची माफी कशी मागतात ते मला माहीत नाही.

उद्या बाबांना सांगणार आहे.

ताई

२४ फेब्रुवारी

छोट्या,

सांगितलं. जसं झालं तसं लिहिते, एक अक्षर न बदलता.

सकाळी बाबा स्वयंपाकघरात आठवड्याच्या गोळ्या अर्ध्या करत होते. अजून ब्लेडनेच करतात, वर्तमानपत्र पसरून. मी दोन्ही कागद समोर ठेवले.

"हे काय?"

"वाचा."

त्यांनी चष्मा पुसला. तुझा कागद वाचला, मग स्वतःचा. बोट चौकटीवर थांबलं.

"मी शून्य लिहिलं होतं."

"हो."

"वरचं कुणाचं?"

"माझं, बाबा."

"का?"

"मला वाटलं तुम्ही चुकलात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. "शून्य लिहिताना कोण चुकतं गं?" म्हणाले.

ब्लेड त्यांच्या हातात तसंच होतं. मी ते काढून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "म्हणजे त्यानं दिला नव्हता? अर्धा?"

"नाही. त्याला वाटलं तुम्ही मागितलात. तुम्ही पुरे म्हणालात ना."

"मी?" ते उभे राहिले. खुर्ची मागे पडली. "मी मागितला? जिंकत असलेल्या पोराकडे? त्याला असं वाटलं? अकरा वर्षं?"

"हो."

"मी पुरे म्हणालो. पुरे. विचारलं नव्हतं मी!"

मग ते जे बोलले ते मी आयुष्यभर विसरणार नाही. म्हणाले, "त्यानं आयुष्यात पहिल्यांदा मला खरोखर हरवलं होतं. मी मुद्दाम सोडला नव्हता, त्यानं जिंकला होता. मी पळत घरी आलो. त्याच्याआधी पोचायचं होतं मला. दार उघडायला मीच हवा होतो. पाठ थोपटायची होती त्याची." त्यांचा हात टेबलावर वरखाली झाला, थोपटल्यासारखा. "आणि तो आला आणि म्हणाला, मिळाला ना अर्धा."

चष्मा का विसरला होता ते मला अकरा वर्षांनी कळलं.

मग ते आपल्या खोलीत गेले. दार लावलं नाही, पण माझ्याशी बोलले नाहीत. आज चौथा दिवस. ताट ठेवते, जेवतात. मी समोर आले की भिंतीकडे बघतात. तुझ्याशी न बोलणारे बाबा मी अकरा वर्षं पाहिले होते, माझ्याशी न बोलणारे पहिल्यांदाच पाहते आहे. तू हे एकट्याने कसं सोसलंस रे?

रविवारी सभा आहे. तिथे सगळ्यांसमोर सांगून पंचपद सोडणार.

ताई

६ मार्च

छोट्या,

सभेचा वृत्तांत, आणि या वेळी काही लपवलेलं नाही.

मी दोन्ही कागद फळ्याला चिकटवले आणि उभी राहून सगळं सांगितलं. दशांश इतके थक्क झाले की त्यांच्या हातातला खडू मोडला. घड्याळजी उठून फळ्यापाशी गेले, डोळ्याला भिंग लावून ते शून्य त्यांनी चाकासारखं तपासलं. मग खुर्चीत येऊन मटकन बसले. "म्हणजे मी गेलो तिकडे..." एवढंच म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "ती जागा मला परत देता येत नाही. काटा मागे फिरवला तरी वेळ मागे जात नाही. चषक मात्र देतो." खरंच घरी गेले आणि घेऊन आले. मंडळाच्या खिडकीत ठेवला आहे. अकरा वर्षं घासूनपुसून ठेवला होता बिचाऱ्यांनी.

मग मतदान. तीन-एक-शून्य दोन मतांनी पडलं. शून्य दशांश सहाला एक मत मिळालं, कुणाचं ते सांगायला नको. बाबांनी आपला ठराव मागे घेतला. म्हणाले, "अर्धा राहू दे. अर्ध्याचा काही दोष नव्हता." एक, अर्धा, शून्य, होतं तसंच राहिलं. नवा नियम एकच: डाव संपला की दोघांनी पंचासमोर उभं राहून निकाल तोंडाने सांगायचा. जिंकलो, हरलो किंवा बरोबरी. पुरे हा शब्द धरला जाणार नाही, असं इतिवृत्तात लिहिलं आहे. पुढे कुणी वाचेल तर त्याला वेड्यांचं मंडळ वाटेल.

मी राजीनामा दिला. बाबा उठले आणि दहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले, तेही सभेच्या भाषेत. "पंचांनी चूक केली आहे, तर ती दुरुस्त होईपर्यंत पंचांना जाता येणार नाही." त्यांनी दुरुस्तीचा कागद स्वतः तयार करून आणला होता. नववी फेरी, निकाल: पांढरा जिंकला. खाली सह्यांसाठी दोन रेघा. काळ्याच्या रेघेवर त्यांची सही झाली आहे.

पांढऱ्याची रेघ रिकामी आहे. मी म्हटलं, पोस्टाने पाठवते. तर बाबा म्हणाले, सही पंचासमोर लागते. असा नियम कुठे आहे, मी विचारलं. म्हणाले, आत्ता करतो. हात वर झाले, ठराव मंजूर. घड्याळजींचा हात सगळ्यांत आधी वर गेला.

म्हणून या पाकिटात कागद नाही. शोधू नकोस.

खिडकीजवळच्या टेबलावर बाबांनी तुमचा डाव मांडून ठेवला आहे, शेवटच्या खेळीनंतर होता तसा. कुणाला हात लावू देत नाहीत. रोज चार वाजता येतात, काळ्यांच्या बाजूला बसतात आणि सातला उठतात. काल मी दिवा घालवताना म्हटलं, छोट्याला काही लिहू का तुमच्याकडून?

"लिही," म्हणाले. "चार खेळ्या राहिल्यात त्याच्या. या वेळी मी मधे पुरे म्हणणार नाही. पूर्ण हरेन."

ताई
(पंच, त्या एका डावापुरती)